पेमेंटचा ओघ वाढला की डेटाबेस कसा सावरायचा: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

धनत्रयोदशीची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. एका मिठाईच्या दुकानातून फोन आला. "ताई, गिऱ्हाईक म्हणतंय पैसे गेले, आणि माझा स्पीकर काही बोलतच नाही. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पेढे देऊ की नको, तेवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोरच्या पडद्यावर डेटाबेसचा सीपीयू जेमतेम १४ टक्के वापरात दिसत होता, मेमरी मोकळी होती, आणि तरी पेमेंटं अडकत होती. त्या रात्री जागून आम्ही दुप्पट मोठं मशीन घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्याच वेळेला, पुन्हा तेच झालं.

दुकानदार, क्लासेस आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचा डेटाबेस मी सांभाळते. हे काम नुकतंच ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. आम्ही पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे तपशील त्याचे येतील. पण कामांचा क्रम मायएसक्यूएलवाल्यांनाही तोच लागू पडेल. माझं म्हणणं एवढंच, की मशीन वाढवण्याआधी एका पेमेंटमागे डेटाबेसला किती राबावं लागतं आणि किती वेळ ताटकळावं लागतं ते कमी करा. आणि हे करताना एक पैसाही इकडचा तिकडे होता कामा नये.

वाढ किती वेगाने येते त्याचा अंदाज घ्यायला यूपीआयचा आलेख पुरेसा आहे. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात महिन्याला जवळपास २० लाख व्यवहार व्हायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचा आकडा १०० कोटींवर गेला, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. म्हणजे सरासरीने दर सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास. तुमच्या वाट्याला यातला थेंबच येणार, पण तो थेंबही दोन-तीन वर्षांत दहापट होऊ शकतो.

आधी कागद घ्या आणि मोजा

एका पेमेंटचा प्रवास कागदावर काढा. गिऱ्हाईकाने क्यूआर कोड स्कॅन केल्यापासून दुकानदाराच्या बँक खात्यात रक्कम जाईपर्यंत कोणकोणत्या टेबलात ओळ लिहिली जाते, कुठली ओळ बदलली जाते, सगळं. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका पेमेंटमागे अकरा लेखनं निघाली: ऑर्डर, प्रयत्न, बँकेचं जसंच्या तसं उत्तर, स्थिती बदल, त्या बदलाचा इतिहास, जमा, नावे, दुकानदाराची शिल्लक, स्पीकरची सूचना, एसएमएसची सूचना आणि एक जुनं लॉग टेबल. शेवटचं टेबल वर्षभरात कुणी उघडलंही नव्हतं. ते बंद केलं, अकराची दहा झाली, खर्च शून्य.

मग गर्दीचा हिशेब करा. सरासरी फसवते. समजा, रोजची ५ लाख पेमेंटं आहेत. ८६,४०० सेकंदांनी भागलं तर सेकंदाला सहाही होत नाहीत. पण दुकानांची गर्दी संध्याकाळी असते. दिवसातली एक तृतीयांश पेमेंटं सात ते नऊमध्ये आली, तर सेकंदाला २३ होतात. त्यातही एखादं मिनिट तिप्पट भरलेलं असतं, म्हणून ७० धरा. गुणिले दहा लेखनं, म्हणजे सेकंदाला ७००. नीट बांधलेला एकच डेटाबेस, चांगल्या एनव्हीएमई, म्हणजे वेगवान, डिस्कवर, हे सहज पेलतो. हा आकडा स्वतःच्या हाताने काढा, कारण पुढे कुणीतरी बैठकीत "आपल्याला शार्डिंग (डेटाची अनेक मशीनवर वाटणी) लागेल" म्हणणार आहे, आणि तेव्हा हा कागद तुमच्याजवळ असला पाहिजे. गर्दीच्या वेळा कोणत्या, याचा शोधही फार घ्यावा लागत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने आपल्या नियमांत सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ याच गर्दीच्या वेळा धरल्या आहेत.

पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन पहिल्याच दिवशी चालू करा. कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ खाल्ला, ते कळतं. यादी लावताना एकूण वेळेनुसार लावा. दिवसातून एकदा चार सेकंद घेणारा रिपोर्ट डोळ्यांत भरतो, पण २ मिलिसेकंदांची क्वेरी सेकंदाला ५०० वेळा चालत असेल, तर ती दर सेकंदाला एक सेकंद खाते. एक अख्खा कोअर तिच्याच दिमतीला.

पैसे दोनदा जमा होणार नाहीत, याची सोय

हे वेग वाढवण्याचं काम वाटत नाही, पण त्याआधी करायलाच हवं. भार वाढला की उत्तरं उशिरा येतात. उत्तर उशिरा आलं की समोरचा तीच विनंती पुन्हा पाठवतो. बँकेचा सर्व्हर "पैसे आले" ही सूचना दोनदा, कधी पाचदा पाठवतो. शांत दिवशी जी चूक महिन्यातून एकदा व्हायची, ती गर्दीत तासाला वीसदा होते.

म्हणून प्रत्येक पेमेंटला एक ठरलेला क्रमांक द्या, त्यावर डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारं) घाला, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काहीही न करता आधीचंच उत्तर परत द्या. "आधी शोधू, नसेल तर घालू" हे कोडमध्ये लिहून भागत नाही. दोन सूचना एकाच मिलिसेकंदात आल्या तर दोघींनाही ओळ सापडत नाही आणि दोघीही ती घालतात. बंधन डेटाबेसनेच पाळायचं.

रक्कम पैशांत ठेवा, पूर्णांकात. ₹४९९.५० म्हणजे ४९९५०. फ्लोट, म्हणजे अदमासे दशांशाच्या, प्रकारात पैसे ठेवलेले मी पाहिले आहेत आणि वर्षअखेरीला त्याचा ताळमेळ लावताना माणसं रडकुंडीला आलेलीही पाहिली आहेत.

आणि तिसरी गोष्ट, जी नवशिक्यांकडून हमखास सुटते: उत्तर आलं नाही म्हणजे व्यवहार फसला, असं नसतं. त्याची स्थिती "प्रलंबित" असते. वेळ संपली म्हणून तुम्ही "अयशस्वी" लिहिलंत, गिऱ्हाईकाने पुन्हा पैसे भरले, आणि दहा मिनिटांनी पहिल्याचंही "यशस्वी" आलं, की निस्तरत बसावं लागतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची मुदत घालून दिली आहे. यूपीआयवर खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जायला हवेत. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एका दिवसाची आहे. त्यानंतर दिवसाला ₹१०० भरपाई. त्या संध्याकाळी मिठाईवाल्या काकांचा व्यवहार पहिल्या प्रकारात बसत होता. तुमच्या टेबलातल्या "प्रलंबित" या शब्दामागे असं एक दुकान आणि एक ताटकळलेलं गिऱ्हाईक उभं असतं.

बँकेच्या उत्तराची वाट पाहताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका

धनत्रयोदशीच्या रात्रीचं कोडं इथे सुटलं. तुम्हाला फक्त एकच दुरुस्ती करायला वेळ असेल, तर ही करा.

आमचा कोड असा होता: डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या नोंदींचा गठ्ठा) सुरू कर, ऑर्डरची ओळ लॉक कर (दुसऱ्या कुणाला ती बदलता येऊ नये म्हणून), बँकेला विनंती पाठव, उत्तराची वाट पाहा, स्थिती लिही, कमिट कर (नोंदी पक्क्या कर). वाचायला अगदी शिस्तीचा वाटतो. पण बँकेकडून उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं ते कनेक्शन अडकून पडतं. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४० पेमेंटं येत आहेत आणि बँक ०.३ सेकंदात उत्तर देतेय, तर एका वेळी ४० गुणिले ०.३, म्हणजे १२ कनेक्शनं गुंतलेली असतात. सणाच्या संध्याकाळी बँकेचं उत्तर ८ सेकंदांनी यायला लागलं. ४० गुणिले ८, म्हणजे ३२०. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मुळातली मर्यादा १०० असते आणि आमची तेवढीच होती. शंभर कनेक्शनं हातावर हात ठेवून बसली होती आणि बाकीची पेमेंटं दाराबाहेर रांगेत. डेटाबेसला कामच नव्हतं, म्हणून सीपीयू १४ टक्के. मशीन दुप्पट केल्याने हे सुटणार कसं?

तुमच्याकडे हेच होतंय का, ते पाहायला पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी उघडा आणि "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम काहीच नाही) स्थितीतल्या ओळी मोजा. गर्दीत त्या एक-दोनपेक्षा जास्त दिसल्या तर रोग सापडला.

उपाय म्हणजे कामाचे तीन तुकडे. पहिल्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये "पेमेंट सुरू" एवढं लिहून कमिट करा. मग कनेक्शन सोडून द्या आणि बँकेशी बोला. उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये निकाल लिहा. कनेक्शन आता दोनदा पाच-पाच मिलिसेकंद लागतं. बँक आठ सेकंद घेवो की अठरा, डेटाबेसला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसणारं कनेक्शन ठरावीक वेळेनंतर तोडणारी एक सेटिंग पोस्टग्रेसमध्ये आहे. ती मुळात बंद असते. आम्ही ती १० सेकंदांवर ठेवली आहे.

मधल्या काळात आपला सर्व्हर बंद पडला तर? म्हणून तिसरा तुकडा: "प्रलंबित" राहिलेल्या ओळी शोधून बँकेला त्यांची स्थिती विचारणारं एक वेगळं काम. इथे मात्र हावरेपणा करू नका. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास अडखळलं होतं. एनपीसीआयच्या तपासात कारण निघालं ते व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर, त्यातही काही बँकांकडून जुन्या व्यवहारांविषयी पुन्हा पुन्हा आलेल्या विचारणा. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आली: एका व्यवहाराची स्थिती जास्तीत जास्त तीनदा विचारायची, दोन विचारणांत किमान ९० सेकंदांचं अंतर ठेवून. तुम्ही थेट यूपीआयशी जोडलेले नसलात तरी ही सवय लावा. दर दोन सेकंदांनी विचारणारं काम आपलाच डेटाबेस आधी मारतं.

एसएमएस आणि स्पीकरची सूचनाही याच नियमात बसते. निकाल लिहिताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये "ही सूचना पाठवायची आहे" अशी एक ओळ लिहून ठेवा आणि पाठवण्याचं काम दुसऱ्यावर सोपवा. सूचना उशिरा गेली तर चालेल, हरवली तर नाही.

कीर्द वेगळी, खतावणी वेगळी

तुकडे केल्यावर पुढचा अडथळा दिसायला लागला. बाकी सगळे दुकानदार सुरळीत, पण एका मोठ्या संस्थेच्या देणग्या तेवढ्या रखडायच्या. कारण प्रत्येक पेमेंटच्या शेवटी आम्ही त्या खात्याच्या शिल्लक ओळीत रक्कम मिळवत होतो. एक ओळ एका वेळी एकच ट्रान्झॅक्शन बदलू शकतं, बाकीची रांगेत उभी राहतात. लॉक ५ मिलिसेकंद टिकत असेल तर त्या ओळीवर सेकंदाला फार तर २०० बदल होतील. ५० मिलिसेकंद टिकत असेल तर फक्त २०. तुमच्याकडे ९६ कोअरचं मशीन असलं तरी वीसच.

याचं उत्तर मला एका जुन्या अडत दुकानाच्या चोपड्यांत सापडलं. दिवाणजी गिऱ्हाईक समोर असताना कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, एक ओळ लिहायचे, बस. खतावणी संध्याकाळी, सवडीने. कोणाच्या नावे किती आणि जमा किती, हे खात्यावार मांडायला गिऱ्हाईकाला थांबवून ठेवत नसत. कीर्दीतली ओळ कधी खोडायची नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची. डेटाबेसला हीच रीत लावा. "कीर्द" नावाचं एक टेबल, ज्यात फक्त ओळी वाढतात, कधीही बदलत नाहीत आणि पुसल्या जात नाहीत. प्रत्येक पेमेंटच्या किमान दोन ओळी, एक जमा आणि एक नावे, दोघींची बेरीज शून्य. नवी ओळ घालणाऱ्याला दुसऱ्याच्या ओळीच्या लॉकची वाट पाहावी लागत नाही, म्हणून हजार पेमेंटं शेजारी शेजारी चालतात. शिल्लक "खतावणी" टेबलात, आणि एक काम दर काही सेकंदांनी कीर्दीतल्या नव्या ओळींची बेरीज करून ती एकदाच मिळवतं. दोनशे बदलांच्या जागी एक.

इथे एक खाच आहे. "मागच्या वेळी पाहिलेल्या क्रमांकापुढच्या ओळी" अशी बेरीज केलीत तर पैसे सुटतील. क्रमांक ओळ घालताना मिळतो, कमिट नंतर होतो. १०५ क्रमांकाची ओळ आधी दिसू शकते आणि १०३ मागून. खतावणी करणारा १०५ वर खूण करून पुढे गेला की १०३ कायमची राहिली. आमचे एकदा असेच ₹२,३४० खतावणीत कमी भरले आणि ते शोधायला दीड दिवस गेला. आता न खतावलेल्या ओळींची एक वेगळी छोटी रांग आम्ही ठेवतो. बेरीज आणि रांगेतून काढणं, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं.

पैसे येत असतील तिथे हे सगळं चालतं. पैसे जात असतील, म्हणजे वॉलेटमधून खर्च होत असतील, तिथे शिल्लक त्याच क्षणी तपासावी लागते, खतावणीची वाट पाहता येत नाही. तिथे "शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर" ही अट आणि वजाबाकी एकाच अपडेटमध्ये लिहा आणि तो अपडेट ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी ठेवा, म्हणजे लॉक कमीत कमी टिकतो. दोन खाती लागत असतील तर नेहमी लहान क्रमांकाचं खातं आधी लॉक करा. नाहीतर एक जण अ-ब करतो, दुसरा ब-अ, आणि दोघं एकमेकांच्या दारात अडकून बसतात.

इंडेक्स, कनेक्शन आणि डिस्क

इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायच्या सूची, वाढवत नेणं सोपं असतं आणि म्हणूनच धोक्याचं. प्रत्येक इंडेक्स म्हणजे प्रत्येक पेमेंटमागे आणखी एक लेखन. आमच्या व्यवहार टेबलावर चौदा होते, सहा उरले. एक मात्र जरूर घाला: फक्त "प्रलंबित" ओळींपुरता आंशिक इंडेक्स. कोट्यवधी ओळींच्या टेबलात प्रलंबित काही शेच असतात, त्यामुळे तो इवलासा राहतो आणि स्थिती विचारणारं काम चटकन होतं. चालू टेबलावर नवा इंडेक्स घालताना कॉन्करन्टली हा शब्द विसरलात तर इंडेक्स तयार होईपर्यंत सगळी लेखनं थांबतील. ओळींचा मुख्य क्रमांक यूयूआयडी (यंत्राने तयार केलेला लांबलचक, एकमेव क्रमांक) असेल तर काळानुसार चढत जाणारी सातवी आवृत्ती घ्या. चौथ्या आवृत्तीचे क्रमांक इंडेक्सभर विखुरतात आणि प्रत्येक लेखनाला वेगळं पान उघडावं लागतं. पोस्टग्रेस १८ मध्ये ती सोय आतच आली आहे.

साधे चढते क्रमांक वापरत असाल तर ते बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात, असू द्या. साध्या इंटिजरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे साधारण २१४ कोटी. मोठी वाटते. पण दिवसाला ५ लाख पेमेंटं आणि प्रत्येकाच्या कीर्दीत चार ओळी धरल्या तर रोजच्या २० लाख ओळी होतात, आणि तीन वर्षं व्हायच्या आत आकडे संपतात. त्या दिवशी प्रत्येक पेमेंट नापास होतं.

कनेक्शनं वाढवून काम वाढत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस, तिची मेमरी वेगळी. मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ, बसवा, ट्रान्झॅक्शन पद्धतीवर. अ‍ॅपची पाचशे कनेक्शनं त्याच्याकडे येऊ देत, डेटाबेसकडे तीस-चाळीसच जाऊ देत. वरचे छोटे तुकडे केलेले असतील तर एवढी पुरतात.

कमिटचा वेग वाढवण्यासाठी सिन्क्रोनस कमिट (नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच कमिट झालं म्हणणं) बंद करा, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. पैशांच्या टेबलांसाठी तो ऐकू नका. तो बंद असताना मशीन अचानक पडलं तर शेवटचे काही कमिट गायब होतात, आणि तोवर स्पीकरने "पैसे मिळाले" म्हटलेलं असतं.

वाचणाऱ्यांना दुसऱ्या दाराने आत घ्या

दुकानदाराचा महिन्याचा रिपोर्ट, मालकांचा डॅशबोर्ड, सीएला लागणारी फाइल, हे सगळं रेप्लिकावर, म्हणजे मूळ डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर, न्या. रेप्लिका मूळ डेटाबेसच्या थोडी मागे असते, बहुतेक वेळा मिलिसेकंदांनी, गर्दीत कधी काही सेकंदांनीही. म्हणून "माल द्यायचा का" हे ठरवणारं कोणतंही वाचन रेप्लिकावर ठेवायचं नाही. रेप्लिका किती मागे आहे त्याचा अलार्म लावा आणि रिपोर्टच्या पानावर "अमुक वाजेपर्यंतची माहिती" असं स्पष्ट छापा. आम्ही ते छापल्यापासून दुकानदारांचे निम्मे फोन थांबले.

महिन्यांच्या कप्प्यांत टेबल

व्यवहार आणि कीर्द ही टेबलं महिन्यानुसार पार्टिशन करा. पोस्टग्रेस १० पासून ही सोय सरळपणे मिळते. गरम, म्हणजे वारंवार लागणारी, माहिती चालू महिन्याच्या कप्प्यात राहते, त्याचे इंडेक्स मेमरीत मावतात, आणि जुना महिना सुटा करून स्वस्त डिस्कवर नेता येतो. पुढच्या महिन्याचा कप्पा आपोआप तयार होतो की नाही ते २५ तारखेला तपासा, १ तारखेला नको.

आता यातली गोम. पार्टिशन केलेल्या टेबलावरच्या युनिक बंधनात पार्टिशनचा स्तंभ, म्हणजे तारीख, घालावीच लागते. म्हणजे ३१ तारखेला रात्री ११:५९ ला आलेली सूचना आणि १ तारखेला १२:०१ ला आलेली तीच सूचना, दोन्ही बिनबोभाट आत जातात. ज्या बंधनावर आपण इतका भरवसा टाकला होता, तेच पातळ झालं. म्हणून पेमेंट क्रमांकांचं एक छोटं, पार्टिशन नसलेलं टेबल वेगळं ठेवा आणि युनिक बंधन तिथे घाला.

जुना डेटा स्वस्तात कुठे ठेवायचा हे ठरवताना रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक लक्षात असू द्या: पेमेंटची माहिती भारतातच साठवायची. क्लाउडवर बॅकअपचा प्रदेश निवडताना मुंबई किंवा हैदराबादसारखा भारतातलाच आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

शार्डिंग, खरंच लागलं तर

वरचं सगळं करून, मशीनही एकदा वाढवून, लेखनाचा भार तरीही एका डेटाबेसला पेलेनासा झाला तरच इकडे वळा. दुकानदाराच्या क्रमांकावरून वाटणी करा, कारण बहुतेक व्यवहार एका दुकानदाराच्या आतच पुरे होतात. आज मशीनं दोनच असली तरी मनाने १,०२४ कप्पे पाडा आणि कोणता कप्पा कोणत्या मशीनवर, याचा एक तक्ता ठेवा. उद्या तिसरं मशीन आलं की काही कप्पे उचलून तिकडे न्यायचे.

दोन शार्डांमधल्या खात्यांत पैसे हलवताना एकच ट्रान्झॅक्शन दोन्हीकडे पोचत नाही. इथेही जुना हिशेबनीस कामाला येतो: उचंत खातं, म्हणजे रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं. पहिल्या शार्डवर देणाऱ्याच्या नावे, उचंतला जमा. मग दुसऱ्या शार्डवर उचंतच्या नावे, घेणाऱ्याला जमा. मध्येच काही बिघडलं तर पैसे उचंतात दिसतात, हवेत विरत नाहीत. दोन्हीकडच्या उचंताची बेरीज शून्यावर येईपर्यंत ती रक्कम कुणाचीतरी वाट पाहतेय, हे कळतं.

बदल कधी आणि कसा करायचा

महिन्याचे पहिले पाच दिवस, ३१ मार्चच्या आसपासचा आठवडा, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या सणांच्या तारखा, यांत टेबलाच्या रचनेला हात लावू नका. इतर वेळीही पहाटे. टेबल बदलणारी आज्ञा लॉकसाठी थांबली की तिच्यामागे आलेली साधी क्वेरीसुद्धा रांगेत अडकते, म्हणून लॉकची मुदत २ सेकंदांवर बांधा. नाही मिळाला लॉक तर आज्ञा मागे फिरेल, पाच मिनिटांनी पुन्हा द्यायची.

चाचणी घेताना भार सगळ्या खात्यांवर सारखा पसरू नका. खऱ्या आयुष्यात तो तसा नसतो. निम्मी पेमेंटं पाच-सहा खात्यांवर टाका आणि बँकेच्या खोट्या उत्तराला मुद्दाम ८ सेकंद उशीर लावा. आमची चाचणी धनत्रयोदशीच्या आधी अगदी छान पास झाली होती, कारण तीत बँक ०.१ सेकंदात उत्तर द्यायची.

नवी पद्धत लगेच जुनीच्या जागी बसवू नका. कीर्द-खतावणी आम्ही तीन आठवडे जुन्या शिल्लक टेबलाच्या बरोबरीने चालवली. रोज रात्री दोन वाजता एक काम तीन बेरजा काढायचं: जुनी शिल्लक, नवी खतावणी, आणि बँकेच्या सेटलमेंट फाइलमधला आकडा. फरक एका पैशाचाही असला तरी मला फोन यायचा. पहिल्या आठवड्यात चार रात्री फोन आला, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात एकदाही नाही. मग एका मंगळवारी पहाटे साडेपाचला जुनं टेबल बंद केलं. रात्री दोनचं काम मात्र आजही चालू आहे. काकांच्या दुकानातल्या अ‍ॅपवर आता अडकलेल्या पेमेंटसमोर "बँकेचं उत्तर यायचं आहे, पैसे अजून जमा नाहीत" एवढं वाक्य येतं, आणि पेढे द्यायचे की नाही ते काका ठरवतात.